ताईचे एकशे एकतीस

मी बोलतेय. ऐकू येतंय ना? विचारून घेते, कारण माझ्या जातीला आवाज नाही. पेट्रोलची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की घरातल्यांना कळतं, आली म्हणून. मी दारात येऊन उभी राहिले तरी कुणाला पत्ता नसतो. एकदा शेजारचं मांजर ऊब मिळेल म्हणून माझ्या बॉनेटवर येऊन बसलं. बॉनेट थंडगार निघालं, तेव्हा माझ्याकडे असं बघून गेलं की जणू मी त्याला फसवलं.

अशी मी. विजेवर चालणारी छोटी गाडी. रंग फिकट निळा. उजव्या दारावर एक लांब ओरखडा. तो ज्यानं काढला त्याचीच ही गोष्ट आहे, माझी कमी.

जन्म एका मोठ्या शेडमधला. दारं बसवली, काचा बसवल्या, तोवर मी नुसता डबा होते. मग पोटाखाली बॅटरीची पेटी बसवली आणि मी पहिल्यांदा जड झाले. माझा जीव म्हणाल तर सगळा त्या एका पेटीत.

दुकानात मला बघायला बरेच जण येऊन गेले. कुणी गाणी लावून बघायचं, कुणी आरशात केस बघायचं. मग एक दिवस ताई आली. तिनं ना गाणी लावली, ना आरसा बघितला. सरळ मागचं दार उघडलं, मागची सीट आडवी केली आणि पिशवीतून अंड्यांचा रिकामा कागदी ट्रे काढून मोजायला लागली. इथून इथवर किती, वर किती.

"मॅडम, ही फॅमिली कार आहे," विक्रेता म्हणाला.

"माझी फॅमिली मोठी आहे," ताई म्हणाली. "एका ट्रेमध्ये तीस जण."

ताईचा धंदा अंड्यांचा. सकाळी पोल्ट्रीतून माल उचलायचा आणि बेकऱ्या, कँटीन, एक वसतिगृह असं करत दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. पूर्वी ती भाड्याच्या टेम्पोतून माल न्यायची. टेम्पोवाला खड्डे मोजून घ्यायचा, एकही सोडायचा नाही. म्हणून तिनं मला घेतलं.

आणि तिनं मला कसं चालवलं! निघताना पाय असा ठेवायची, की मला आधी कळायचं नाही निघालो आहोत म्हणून. पुढचा सिग्नल लांबून लाल दिसला की पाय काढून घ्यायची. ब्रेक नाहीच. आम्हा विजेच्या गाड्यांचं एक बरं असतं. पाय काढला की फिरती चाकंच थोडी वीज परत पेटीत टाकतात. ताईला हे भारी आवडायचं. "बघ, दिलेलं थोडं परत देते ही. माणसं देत नाहीत," म्हणायची.

मागून कुणी हॉर्न मारून मारून डोकं उठवायचं. ताई काच खाली करायची नाही. आतल्या आत, स्वतःशीच म्हणायची, "थांब रे बाबा, मागे पोरं झोपलीत."

आता माझ्या आकड्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर मी एक आकडा दाखवते. आहे तेवढ्या विजेवर अजून किती किलोमीटर जाईन, तो. लोकांना वाटतं मी तो मोजून सांगते. मी मोजत नाही, अंदाज करते. आणि अंदाज करते चालवणाऱ्याच्या पायावरून. गेल्या काही फेऱ्यांत जसा पाय पडला, तसा आकडा. धसमुसळा पाय असला तर कमी, शांत असला तर जास्त. नवी होते तेव्हा पूर्ण चार्ज झाल्यावर मी एकशे पाच म्हणायचे. ताईच्या हाताखाली चढत चढत एकशे एकतीसवर जाऊन बसले. तिच्या पायाखाली असेपर्यंत तिथून हलले नाही.

ताईचा धाकटा भाऊ पेट्रोलच्या दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये कामाला. शाळा त्यानं अर्ध्यात सोडलेली. घरात येताना दार ढकलून, जाताना दार आपटून. ताई त्याला 'तुफान' म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यानं माझ्या चाकाला लाथ मारली.

"ताई, ही गाडी नाही, मिक्सर आहे. चटणी वाट हिच्यात."

"वाटेन. आधी तुझी," ताई म्हणाली.

एकदा ताईचा हात मुरगळला, म्हणून तिनं त्याला चालवायला दिलं. स्वतः शेजारी बसली. निघतानाच त्यानं असा पाय दाबला की मागचे ट्रे पुढे सरकून आले. वळणावर ताई ओरडली, त्यानं ब्रेक मारला, आणि पोल्ट्रीच्या गेटच्या लोखंडाला माझं दार घासलं. हाच तो ओरखडा. मागे पिवळा पूर आला होता. तुफानचं तोंड एवढंसं झालं. ताईनं हिशेब केला नाही, आरडाओरडा केला नाही. फुटलेली जेवढी वाचवता आली तेवढी भांड्यात गोळा केली आणि दोन दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ ऑम्लेट वाढलं.

"ताई, पुरे ना आता."

"तूच मारलीस, तूच खा."

त्या एका फेरीत माझा आकडा चारनं उतरला होता. ताईनं पडद्याकडे बोट दाखवलं. "बघ, गाडीला कळतं कोण बसलंय ते." तुफान हसला. पण त्यानं बघून ठेवलं.

मग तो दिवस. दुपारी ताई शेवटची फेरी करून आली. वाटेत फोनवर आईला म्हणत होती, डोकं ठणकतंय. तरी तिनं रिकामे ट्रे एकावर एक नीट रचले. मला चार्जर लावला, झाकणावर टिचकी मारली, रोज मारायची तशी. "जेव आता," म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी तिला दुसऱ्याच गाडीतून नेलं. ती गाडी ओरडत आली आणि ओरडत गेली. मी इथे वायरीला बांधलेली. डोक्यातली शीर फुटली, असं नंतर येणारे-जाणारे बोलत होते. मला एवढंच कळतं, की मी पोटभर जेवत होते आणि तिकडे ती जात होती.

असं कुणी जातं का? ना भांडण, ना निरोप. ट्रेसुद्धा रचून.

घरात माणसं येत होती, जात होती. एका दुपारी तुफान येऊन माझ्यात बसला. कुठे जायचं म्हणून नाही. घरात बसवेना म्हणून. त्यानं बटण दाबलं, पडदा उजळला. पूर्ण चार्ज. एकशे एकतीस.

तो बघत राहिला. मग पडद्यावर हात ठेवला, कुणाच्या तरी कपाळावर ठेवतात तसा.

थोड्या दिवसांनी पोल्ट्रीवाल्याचा फोन आला, माल काढून ठेवू का. तुफान मला घेऊन निघाला. चौकापर्यंत गेला असेल. पाय तोच, धसमुसळा. पडद्यावर आकडा उतरायला लागला. गेलेलं अंतर उतरणार हे ठीक. पण चौकापर्यंतच्या रस्त्यात जेवढा उतरायला हवा त्याहून जास्त उतरला. रस्त्याच्या मधोमध त्यानं मला थांबवलं. मागचे हॉर्न मारत होते. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "नको. नको जाऊ."

ते मला नव्हतं.

पोल्ट्रीवाल्याला त्यानं माल नको म्हणून कळवलं. घरी आणून मला चार्जरला लावलं. सकाळी बघितलं तर एकशे एकोणतीस. दोन गेले होते. त्यानंतर त्यानं मला चालवलं नाही आणि कुणाला चालवूही दिलं नाही. रोज गॅरेजमधून आला की चार्जर लावायचा, पोट भरलेलं असलं तरी. बटण दाबून आकडा बघायचा, बंद करायचा. ते ताईचे उरलेले एकशे एकोणतीस होते. मी एक फेरी मारली की त्यातली थोडी ताई जाणार आणि तिथे तुफान बसणार, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आणि खोटं काय होतं त्यात? माझं डोकं तसंच चालतं. जुनं पुसायचं, नवं लिहायचं.

आईला हे काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, पोराला गाडी डोळ्यांसमोर नको झालीय.

"अरे, कँटीनवाले विचारतायत. वसतिगृहातली मुलं विचारतायत. धंदा चालता होता तिचा."

"करेल दुसरा कुणी."

"मग गाडी विकून टाक."

"हात लावून बघा कुणी!"

"अरे, मग तिचं करायचं तरी काय? लोणचं घालायचं?"

दार आपटलं. मी बाहेर चार्जरला, फुगलेल्या पोटानं. आम्हाला सतत काठोकाठ भरून उभं करू नये. आतून झिजतो आम्ही. पण हे मी सांगणार कुणाला?

अशात शाळेतल्या बाई आल्या. जवळच्या शाळेत विज्ञान शिकवतात. ताईकडून त्या अंडी घ्यायच्या.

"विजेच्या गाड्यांवर पुस्तकात एकच पान आहे," बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "म्हणून ठरवलं, ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनाच बोलवायचं. मुलं त्यांनाच विचारतील. तुमच्या ताईंनी कबूल केलं होतं, गाडी घेऊन येईन म्हणून. पण आता... नाही आलात तरी चालेल. मी फक्त..."

"नाही जमणार," तुफान म्हणाला.

"येईल," आतून आईचा आवाज आला. "तिनं शब्द दिलाय ना? येईल."

बाई गेल्यावर जुंपली.

"शब्द तिनं दिलाय, मी नाही."

"मग मी नेते."

"तुला चालवता येते?"

"ढकलता तर येते!"

आई चिडून बोलली होती. पण तुफानचे डोळे चमकले. आई बघतच राहिली. "अरे, मी आपलं बोलले..."

"नाही, बरोबर बोललीस. ढकलत नेऊ. सपाट तर रस्ता आहे."

आणि खरंच, भर सकाळी आमची वरात निघाली. गिअर मोकळा, मागून तुफान ढकलतोय, आणि स्टिअरिंगवर आई. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली.

"आई, डावीकडे! डावीकडे घे!"

"अरे, घेतलंय तर! तीच जात नाही!"

"ब्रेक! आई, ब्रेक!"

"कुठला?"

"मधला! नाही, दोनच आहेत. डावा!"

पानटपरीवर उभा असलेला एक जण ओरडला, "काय रे, विजेची गाडी का दंडाची?" तुफान एरवी त्याच्या अंगावर गेला असता. त्या दिवशी नुसता घाम पुसून पुढे ढकलत राहिला. मला लाज वाटली, खरं सांगते. पोटात इतकी वीज घेऊन ढकलली जात होते.

शाळेच्या मैदानात आधीच दोन गाड्या उभ्या होत्या. एक दातांच्या डॉक्टरांची, चकचकीत, मोठी. दुसरी टॅक्सीवाल्या काकांची. तिला बघून मी दचकलेच. माझीच जुळी. तोच कारखाना, तीच पेटी, तेच वय. फक्त रंग पांढरा.

मुलं घोळक्यानं फिरत होती. एका गाडीकडून दुसरीकडे, आणि प्रश्न तर असे की पळता भुई थोडी. पावसात शॉक बसतो का? चार्जिंग चालू असताना आत बसलं तर? चोरानं चोरली तर आवाजच येणार नाही, मग कळणार कसं? टॅक्सीवाले काका या प्रश्नावर आपल्या गाडीकडे वळून बघत म्हणाले, "पोरा, तू आता झोप उडवलीस माझी."

आमच्याकडे आले तेव्हा तुफान दाराला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. एका उंच मुलानं विचारलं, "दादा, तुम्ही ढकलत का आणलीत? बंद पडली?"

"नाही."

"चार्जिंग संपलं?"

"भरलेली आहे काठोकाठ."

"मग?"

एक चष्मेवाली मुलगी तोवर काचेतून वाकून आत बघत होती. "दादा, पडदा लावा ना. काकांच्या गाडीवर भरलेली असताना एकशे दोन येतं. तुमची तर हीच गाडी आहे ना?"

त्यानं नाइलाजानं बटण दाबलं. सगळी डोकी आत घुसली. मग एकच गलका.

"एकशे एकोणतीस!"

"हिची बॅटरी मोठी असेल."

"नाही रे, काकांनी सांगितलं, सेम आहे."

"पडदा बिघडला असेल."

"बिघडलेला नाही," तुफान एकदम ओरडला. मुलं मागे सरकली. बाई पुढे यायला लागल्या, आईनं त्यांना हातानं थांबवलं.

चष्मेवाली मात्र डगमगली नाही. "काका म्हणाले, आकडा चालवणाऱ्यावर असतो. मग तुम्ही छान चालवत असाल."

"मी नाही," तुफान म्हणाला. "माझी ताई. ती चालवायची. हा आकडा तिचा आहे. मी चालवली की हा जातो. म्हणून ढकलत आणली."

बोलून गेला. आणि मग थांबेना. अंडी, ट्रे, टेम्पो, सगळं. ताई निघताना पाय कसा ठेवायची. "असा, बघा. आधी काहीच नाही. मग चपलेच्या टोकाएवढं. मग थोडं." सिग्नल दिसला की पाय काढायची. "आणि खड्डा आला तर चुकवायचा नाही, त्याच्यात हळूच उतरायचं आणि हळूच चढायचं. चुकवायला गेलं की ट्रे कलतात." वळणाच्या आधी ती किती लांबून वेग कमी करायची, उतारावर चाकं वीज परत कशी देतात.

"म्हणजे उतारावर गाडी जेवते?" उंच मुलगा म्हणाला.

"घास दोन घास. पोट भरत नाही." तुफान किती दिवसांनी हसला. "मी मिक्सर म्हणायचो हिला. ताईला राग यायचा नाही. मला यायचा, तिला येत नाही म्हणून."

आई मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "एवढंच होतं?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुला ती गाडी बघवत नाही. अरे वेड्या, मला सांगायचंस तरी."

"काय सांगणार? ताई पडद्यावर आहे म्हणून?"

आईनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि दुसरीकडे बघायला लागली.

चष्मेवालीनं इतका वेळ मनात काहीतरी जुळवत ठेवलं होतं. "पण दादा, त्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, गाडी सारखी पूर्ण भरून उभी ठेवली की बॅटरी खराब होते. मग तुम्ही नाही चालवलीत तरी आकडा जाणारच."

तुफाननं वळून डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी लांबूनच मान हलवली. "हो, खरं आहे ते. रोजच्यासाठी ऐंशी टक्के पुष्कळ."

तो खाली बसला, माझ्या चाकापाशी, जिथे कधी लाथ मारली होती. मुलांना वाटलं, दादा रडतोय, आपण चुकलो. चष्मेवालीचा चेहरा पडला. ती पण त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"तुम्हाला तर सगळं येतं की," ती म्हणाली. "ताई कशी चालवायची ते. आत्ताच तर सांगितलंत आम्हाला."

"सांगता येतं. पाय ऐकत नाही."

"करून बघा ना."

उंच मुलानं डबा उघडला. "माझ्याकडे अंडं आहे. उकडलेलं आहे पण. पडलं तर खाऊन टाकू."

बाईंनी परवानगी दिली, मैदानाच्या आतच, तीनच मुलं, पट्टे लावून. अंडं माझ्या डॅशबोर्डवर, पडद्याच्या बाजूला ठेवलं. तुफाननं पाय ठेवला. सवयीनं. अंडं घरंगळत चष्मेवालीच्या मांडीवर.

"एक मेलं," मागून आवाज आला. सगळे खिदळले. तुफानसुद्धा.

त्यानं चप्पल काढली. अनवाणी पाय ठेवला. आधी काहीच नाही. मग अंगठ्याएवढं. मग थोडं.

आणि मला, मला कळलंच नाही निघालो आहोत म्हणून.

अंडं जागच्या जागी डुलत होतं. मैदानाच्या कोपऱ्याच्या कितीतरी आधी त्यानं पाय काढला. चाकांतून एक घास परत आला पेटीत. कोपऱ्यावर अंडं जरासं कललं, कडेपर्यंत आलं, आत कुणीही श्वास घेईना, आणि ते परत आलं. चष्मेवालीनं टाळ्या वाजवायला हात उचलले आणि अंडं पडेल म्हणून तसेच हवेत धरून ठेवले.

घरी जाताना आई पुढच्या सीटवर बसली. "काय रे, ढकलायची नाही?"

"नाही."

"मग मी ब्रेक दाबू?"

"हात जोडतो, आई. तू कशालाच हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यानं पोल्ट्रीवाल्याला स्वतः फोन केला. चार्जर ऐंशीवर थांबेल असं करून ठेवलं. मला हलकं वाटलं.

आकड्याचं सांगते. खोटं सांगणार नाही. ताईचा आकडा राहिला नाही. मला राखता आला नाही. पूर्ण भरल्याच्या हिशेबानं धरलं तर तो थोडा थोडा करून उतरला आणि मधेच कुठेतरी अडला. ताईपेक्षा बराच खाली, जुळ्या बहिणीपेक्षा बराच वर. घाईच्या दिवशी पडतो, शांत दिवशी चढतो. सुरुवातीला तुफान दर थांब्यावर बघायचा. मग कधीतरी बघायचा. एका वळणावर चार अंडी फुटली तेव्हा त्यानं ती घरी नेऊन निमूट स्वतः खाल्ली. आईनं विचारलंही नाही.

शाळेतली ती मुलं रस्त्यात दिसली की ओरडतात, "दादा, उकडलेलं पाहिजे का?"

मला एवढंच म्हणायचंय. तुमच्याही दारात कुणाची तरी गाडी असेल, सायकल असेल, हातानं चालवायचं काहीतरी असेल, ज्याच्यावर गेलेल्या माणसाचा हात पडलेला आहे. भरून, पुसून, बांधून ठेवू नका आम्हाला. आम्ही उभ्या उभ्या झिजतो. आम्हाला रस्त्यावर न्या. जे आमच्यात राहत नाही, ते कदाचित तुमच्या पायात उतरेल.

काल सकाळी मागे ट्रे भरलेले. रस्त्यात खोदकाम चाललेलं. तुफान मला एका खड्ड्यात हळूच उतरवत होता. मागे एक ट्रक, हॉर्नवर हॉर्न. तुफानचा हात काचेच्या बटणाकडे गेला. काच अर्धी खाली आली. शिवी ओठांवर होती, मला दिसत होती आरशात.

मग काच परत वर गेली. खड्ड्यातून मला हळूच वर काढत तो म्हणाला, स्वतःशीच,

"थांब रे बाबा, मागे पोरं झोपलीत."

पडद्यावर तेव्हा आकडा किती होता, ते मला माहीत आहे. त्यानं बघितला नाही.